साडेपाच फुटी सयाजी

‘स्टेकहोल्डर’ला मराठीत ‘हितसंबंधी’ म्हणतात. हा शब्द मी काढलेला नाही, सरकारी आहे. पण भर सभेत चाळीस-पन्नास मासेमारांसमोर तो उच्चारायची पाळी माझ्यावर आली. “आपण सगळे या पाण्याचे हितसंबंधी आहात,” असं मी खणखणीत आवाजात म्हणालो आणि पुढे बसलेल्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. मागून कुणीतरी म्हणालं, “कुनाचे कुनासंगं संबंध, सर?” आणि सभा पाच मिनिटं हसत राहिली.

परदेशी पाहुणीने मला विचारलं, हे लोक का हसताहेत? मी म्हणालो, त्यांना कार्यक्रम फार आवडलाय. तिने वहीत लिहून घेतलं, ‘लोकांचा उत्साह दांडगा.’

त्या दिवशी एवढी एकच चूक झाली असती तर आज मी ही हकिकत हसत हसत सांगितली असती. दुसरी चूक झाली तेव्हा कुणीच हसलं नाही. उलट एक म्हातारी माझ्या पाया पडली.

मी मकदूम. सोलापुरात एका हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत राहतो. आमचे शेजारी महेश्वरअप्पा हे सल्ला देण्याच्या बाबतीत अत्यंत उदार गृहस्थ. त्यांचे मेहुणे एका कार्यालयात आहेत, आणि त्या कार्यालयात पाच-सहा देशांनी मिळून काढलेला एक कार्यक्रम आला होता. ‘शाश्वत मत्स्यव्यवसाय व नैसर्गिक संसाधन सक्षमीकरण उपक्रम’ असं त्याचं नाव. पुरी पाटी लिहायला भिंत कमी पडली, म्हणून ‘उपक्रम’ दाराच्या चौकटीवर लिहिला होता. त्यांना एका दिवसापुरता दुभाष्या हवा होता.

“तुम्हीच जायचं री सर,” महेश्वरअप्पा म्हणाले. “आंतरराष्ट्रीय काम आहे. कोट घालून जा.”

एप्रिल महिना होता. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी पाहिलाय त्यांना कोटाबद्दल अधिक सांगायला नको. माझ्या बायकोने, अनिसाने, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि ती तिच्या ठेवणीतल्या दखनीत म्हणाली, “इत्ती गर्मी में कोट? मच्छियां देखके भाग जाते की!” मी उत्तर दिलं नाही. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाने घरच्यांशी वाद घालू नये, असं माझं मत आहे.

गल्लीतले आठ-दहा जण पाहुणी बघायला जमले होते. जीपमधून उतरली ती सावळी, बुटकी, साध्या चपला घातलेली बाई. मारिया तिचं नाव, फिलिपिन्सची. महेश्वरअप्पांची घोर निराशा झाली. “ही कसली फॉरेनर? आपल्या कुर्डुवाडीची वाटते,” ते माझ्या कानात म्हणाले. कोटात मीच जास्त परदेशी दिसत होतो.

उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावर, केमच्या पुढे तासाभराच्या अंतरावर मासेमारांची एक वस्ती आहे. तिथे लिंबाखाली सभा. मारिया सांगत होती की लहान मासे सोडून द्या, विणीच्या दिवसांत जाळी टाकू नका, पाण्यात गाळ किती साठलाय ते आपण मोजू या. हे सगळं ‘शाश्वत’ या शब्दात बसवायची माझी धडपड चालली होती. पुढच्या रांगेत जोतीराम नावाचा सत्तरीचा माणूस होता. तो शांतपणे म्हणाला, “शाश्वत मासा कसा आसंल, सर? भाईर काडला की घटकाभरात मरतूय की.” मी व्याकरणाच्या अंगाने खुलासा केला. त्याने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, माझं वय बघून.

मग मारियाने यंत्र दाखवलं. ट्रंकेएवढा डबा, त्याला पडदा, आणि पाण्यात सोडायची एक कांडी. कांडीतून आवाज खाली जातो, तळाला आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. मासे, खडक, गाळ, सगळं.

जोतीरामशेजारी बसलेली त्याची बायको बजाबाई इतका वेळ गप्प होती. ती उठून उभी राहिली. “त्या डब्यात पान्याखालचं समदं दिसतंय व्हय?”

मारिया म्हणाली, सगळं दिसतं. मी म्हणालो, “हो, सगळं दिसतं.”

“मंग माझा सयाजी दिसंल का?”

आता माझी बाजूही ऐकून घ्या. त्याआधी पाऊण तास मी मरळ, वाम, शिंगी, चिलापी असली नावं एकामागून एक इंग्रजीत घालत होतो. डोक्यावर ऊन, अंगात कोट, आणि ड्रायव्हर जेवणासाठी जीपचा हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, हाही एक मासाच. आंब्याला लोक माणसांची नावं देतात, मग माशाला का नाही? बाई ‘माझा’ म्हणाली, तेही मला गोड वाटलं. मी मारियाला विचारलं, सयाजी नावाचा मासा यात दिसेल का?

मारिया म्हणाली, असला तर नक्की दिसेल. केवढा असतो?

“केवढा आहे?” मी विचारलं.

“चांगला उंचापुरा. साडेपाच फूट आसंल की.”

मी तेही भाषांतरित केलं. मारियाच्या हातातलं पेन थांबलं. तिने आकडा दोनदा विचारून घेतला. शेवटी कधी दिसला होता?

“नऊ वर्सं झाली,” बजाबाई म्हणाली. “वैशाखात वादळ आलं त्या दिशी.”

मारिया उभी राहिली आणि बजाबाईचा हात हातात घेऊन म्हणाली, मी त्याला शोधीन, माझा शब्द आहे. हे वाक्य मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. बजाबाई खाली वाकली, आधी मारियाच्या आणि मग माझ्या पाया पडली. एका माशासाठी इतकी कृतज्ञता! परत येताना मी जीपमध्ये मारियाला सांगितलं, आमच्याकडे लोकांचं निसर्गावर फार प्रेम असतं.

मग कामाने वेग घेतला. साडेपाच फुटी, शास्त्राला माहीत नसलेला मासा म्हणजे काय थोडी गोष्ट? मारियाने मुख्यालयाला कळवलं. तिकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अधिक माहिती पाठवा. मला कार्यालयात बोलावणं आलं. तिथल्या सिद्धाराम नावाच्या कारकुनांनी माझ्यापुढे चार पानी फॉर्म ठेवला. माशाचं स्थानिक नाव, आढळ, आहार, स्वभाव. शेवटी, ‘छायाचित्राच्या दोन प्रती’.

“मासा सापडलेला नाही अजून,” मी म्हणालो.

“जुना फोटो चालेल,” सिद्धाराम म्हणाले. “चेहरा स्पष्ट पाहिजे.”

“माशाचा चेहरा?”

“सर, रकाना मी तयार केला नाही.” आणि ते चहाला गेले.

इकडे महेश्वरअप्पांनी ही बातमी नव्या पेठेतल्या आपल्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कापडाबरोबर मोजून दिली. चौथ्या दिवशी एका सांजदैनिकात चौकट आली: ‘उजनीत साडेपाच फुटी सयाजी? सोलापूरच्या मकदूम सरांमुळे उलगडणार रहस्य’. गल्लीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि हार. महेश्वरअप्पांनी भाषणात सुचवलं की माशाच्या शास्त्रीय नावात ‘मकदूम’ हा शब्द आलाच पाहिजे. मी नको नको म्हणालो, पण घरी येऊन ‘मकदूमी’ की ‘मकदूमिया’ यावर बराच विचार केला, हे कबूल केलं पाहिजे. अनिसा शाल घडी करत एवढंच म्हणाली, “उस बुढिया ने आपके पांव कायकू पकडे? मच्छी के वास्ते कोई पांव पकडता क्या?” मी तिला निसर्गप्रेमाबद्दल सांगितलं.

फॉर्म भरायला मी एकटाच निघालो. सकाळच्या गाडीने केम, तिथून वडापची जीप, आणि शेवटचे दोन किलोमीटर पायी. कोट या खेपेला घरी होता. बजाबाईने मला लांबूनच पाहिलं आणि पळत येऊन माझी पिशवी घेतली. घरात पाट मांडला, तांब्याभर पाणी दिलं. जोतीराम दारात जाळं विणत बसला होता.

“यंत्र कदी येनार, सर?”

“पुढच्या आठवड्यात. त्याआधी थोडी माहिती हवी.” मी फॉर्म गुडघ्यावर ठेवला. “आहार. म्हणजे सयाजी खातो काय?”

बजाबाईच्या चेहऱ्यावर कसलासा उजेड आला. “भाकरी आन लसनाची चटनी. दुसरं काय बी नगं त्याला. वांगं तर बगायचा बी न्हाय.”

गळाला कणकेची गोळी लावतात हे मी ऐकून होतो. मी लिहिलं: भाकरी. लसणाबद्दल नवल वाटलं, पण स्थानिक ज्ञानाचा मान राखून तेही लिहिलं.

“स्वभाव?”

“गरीब. पर पान्यात उतरला की आयकायचा न्हाय कुनाचं.”

“कळपाने राहतो की एकटा?”

“एकलाच की वो, सर. लगीन ठरलं व्हतं. जेष्ठात तारीक धरली व्हती.”

माझं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मी मान वर केली तर समोरच्या भिंतीवर एक फोटो होता. पांढरा शर्ट, नुकता भांग पाडलेला, मिशी फुटलेला पोरगा. फोटोला हार नव्हता.

जोतीराम दारातून उठून आत आला. त्याने माझ्या गुडघ्यावरचा कागद पाहिला. त्याला थोडं वाचता येत होतं. ‘माशाचे स्थानिक नाव’ या ओळीवर बोट ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, “सरांस्नी च्या टाक की.” ती चुलीकडे गेली.

“मी...” मी कागद पालथा घातला.

“ऱ्हाऊ द्या, सर.” त्याचा आवाज अगदी खालचा होता. “पेपरात आलंय म्हनून पोरं सांगत व्हती. मला वाटलं, दुसरंच कायतरी आसंल.” तो माझ्यासमोर बसला. “होडी घावली व्हती, उलटी पडल्याली. पोरगं घावलं न्हाय. बारा दीस हुडकलं. मानसं म्हनली, आता दिवस घाला. पर ती घालू दीना. म्हनती, डोळ्यांनी बगितल्याबिगर कसं म्हनू मेला म्हनून? नऊ वर्सं दार उगडं ठिवून निजतीया. आता त्या बाईनं सबूद दिलाय म्हनून दिवस मोजती. तुमी तिला काय सांगू नगा.”

बजाबाईने चहा आणला. कपाची दांडी तुटलेली होती म्हणून तिने तो बशीत ओतून दिला. मी तो कसा प्यालो मला आठवत नाही. केमच्या फलाटावर गाडीला दोन तास होते. मी बाकावर बसून फॉर्म फाडला. फाडताना पहिल्यांदा कळलं की त्यावर माझं अक्षर किती सुरेख आलं होतं.

मारिया सात रस्त्याजवळच्या लॉजमध्ये उतरली होती. मी तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. एकतीस वर्षं पोरांना चूक झाली की बाकावर उभं करणारा मी, तिच्यापुढे तसाच उभा होतो. मी म्हणालो, सगळा दोष माझा, पाहिजे तर तसं लिहून देतो.

तिने समोरची वही मिटली. मग विचारलं, केवढा होता?

“सव्वीस वर्षांचा.”

तिने माझ्यासमोरच मुख्यालयाला पत्र लिहिलं. सयाजी नावाचा मासा नाही, ऐकण्यात माझी चूक झाली. ‘माझी’ असं तिने लिहिलं. मी हरकत घेतली तर म्हणाली, शब्द मी दिला होता. माशाला की माणसाला, ते बजाबाईला माहीत होतं. त्या भागातला गाळ मला मोजायचाच आहे. त्या दोघांना बोटीत घेऊ.

गल्लीत मी स्वतःच सांगून टाकलं. हसतील अशी माझी तयारी होती. महेश्वरअप्पा आमच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “मी भाषण केलं री सर त्याच्यावर.” पुढे आठवडाभर त्यांनी कुणाला सल्ला दिला नाही.

निघायच्या सकाळी अनिसाने डबा हातात देताना सांगितलं, “वो मेमसाब जो बोलेगी वोच बोलना. अपने मन का मत डालना.” खरं सांगायचं तर मी मनाचं घालायचं ठरवलंच होतं. काहीतरी दिसलं म्हणून सांगायचं. होडीजवळ झोपलाय, शांत आहे, असं काहीतरी. दोन वाक्यं तयारही केली होती.

बोटीत आम्ही पाच जण होतो: नावाडी, मारिया, मी आणि ती दोघं. बजाबाई घडीचं लुगडं नेसून आली होती. ती पाण्याकडे बघतच नव्हती, पडद्याकडे बघत होती. पडद्यावर लाल-पिवळे पट्टे सरकत होते. मधूनच एखादी बारीक कमान उमटायची.

“ह्यो कोन?”

“मासा,” मी सांगायचो.

“आन ह्यो?”

“तोही मासाच.”

जोतीरामने हात करून जागा दाखवली. पलीकडच्या काठावर एक वठलेली बाभळ होती, तिच्या सरळ रेषेत. तिथे होडी सापडली होती. मारियाने त्या जागेवरून बोट आडवी नेली, उभी नेली. गाळ मोजायला एक फेरी पुरे होती, हे मला नंतर कळलं. तिने सात फेऱ्या घातल्या. ऊन डोक्यावर आलं. सातव्या फेरीला तिने यंत्राचा आवाज बंद केला, चष्मा काढला आणि मला सावकाश, साध्या इंग्रजीत सांगितलं. काही नाही. खाली फक्त गाळ आहे.

बजाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. जोतीरामही बघत होता. तो नजरेने मला काय सांगत होता ते मला नीट कळत होतं. माझी दोन वाक्यं जिभेवर आली. पण या बाईशी मी आतापर्यंत एकही गोष्ट खरी बोललो नव्हतो.

“काही दिसत नाही, बजाबाई,” मी म्हणालो. “नुसता गाळ आहे.”

नावाड्याने वल्ही वर घेतली.

“किती गाळ?” तिने विचारलं.

मी मारियाला विचारलं. “साडेतीन मीटर.”

“मीटर मंजी?”

“दोन पुरुस,” जोतीराम म्हणाला. “दोन मानसं उबी ऱ्हातील येवढा.”

“दोन पुरुस.” तिने पहिल्यांदा पाण्याकडे पाहिलं. “समदा मऊ आसंल न्हाई?”

“हो,” मी म्हणालो. “गाळ मऊच असतो.”

“नऊ वर्सं मला वाटायचं, पोरगं उगडं पडलंय. मासं...” तिने ते वाक्य सोडून दिलं. “दोन पुरुस माती हाय व्हय त्याच्या अंगावर. मंजी माती मिळाली की त्याला. आमी न्हाई दिली, पर मिळाली.”

आमच्यातही मयताला मूठभर माती द्यायला माणसं लांबून लांबून येतात. मी तोंड फिरवून काठाकडे बघत राहिलो.

काठावर उतरल्यावर ती चार पावलं चालली आणि ओल्या रेतीतच खाली बसली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो माझ्या कानांनी अजून सोडलेला नाही. “नऊ वर्सांत रडली न्हवती,” जोतीराम म्हणाला. वस्तीतल्या बायका हातातली कामं टाकून आल्या, एकेक करून तिच्याभोवती बसल्या. ती पोराशी बोलत होती. लहानपणी काय म्हणायचा, कशावर रुसायचा, शेवटच्या दिवशी न जेवताच कसा गेला.

मारियाने मला हळूच विचारलं, ती काय म्हणते आहे?

मी तोंड उघडलं. सगळे शब्द मला येत होते, पण एकही बाहेर आला नाही. मारियाने पुन्हा विचारलं नाही. चपला तिथेच काढून ती त्या बायकांत जाऊन बसली. कुणीतरी सरकून तिला जागा दिली.

मी उन्हात उभाच होतो. जोतीरामने होडीची सावली दाखवली.

“बसा की, सर,” तो म्हणाला. “आता येळ लागंल.”

मी त्याच्याशेजारी बसलो.